रायफलीतली काटकसर

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केले. त्यांच्याबरोबर ५४ शस्त्रे जमा झाली. त्यांत सात एके-४७ आणि नऊ इन्सास रायफली होत्या. बातमी राजकारणाची आणि सुरक्षेची होती, आणि ती तशीच वाचली गेली. पण गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात गेल्या चाळीसेक वर्षांत दोन्ही बाजूंनी जी हत्यारे फिरली, त्यांच्याकडे निव्वळ वस्तू म्हणून पाहिले तर बंदुकीचा दीडशे वर्षांचा इतिहास एका टापूत सापडतो. गावच्या लोहाराने घडवलेली भरमार, इंग्रजी अमदानीतली थ्री-नॉट-थ्री, लष्कराने वापरून सोडलेली एसएलआर, पुण्यात आखलेली इन्सास आणि परदेशातून आलेली एके. प्रत्येकीत लाकूड, पोलाद, पत्रा आणि प्लॅस्टिक यांचे प्रमाण वेगळे. ते प्रमाण कोणी आणि कशासाठी ठरवले, आणि त्याचा भार कोणाच्या खांद्यावर आला, ते पाहण्यासारखे आहे.

खांदा कोणाचा, हे आधी सांगतो. गडचिरोलीहून पूर्वेला निघालेला रस्ता धानोऱ्यावरून मुरूमगावकडे आणि पुढे छत्तीसगडात जातो. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि मृगाचा पाऊस लागला की पुढचे चार महिने कपडे, चामडे, दारूगोळा काहीच पुरते कोरडे राहत नाही. याच धानोरा तालुक्यात २००९ साली १ फेब्रुवारीला मरकेगावजवळ १५ आणि २१ मे रोजी हत्तीगोटाजवळ १६ पोलीस मारले गेले. हत्तीगोट्यात पाच महिला शिपाई होत्या. ग्यारापत्ती, पेंढरी, मुरूमगाव इथल्या पोलीस मदत केंद्रांतून गस्तीला निघणाऱ्या माणसाच्या खांद्यावर जी रायफल असते, ती त्याने निवडलेली नसते. ती लाखांच्या संख्येने बनवलेली, साध्या शिपायासाठीची, नोकरीत हाती पडणारी पहिली-दुसरी रायफल असते. लाखांनी बनवायची म्हणजे प्रत्येक नगात पैसा वाचवूनच बनवायची. पैसा वाचवण्यात गैर काही नाही. तो कुठे वाचवला, यावर मात्र त्या माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि या विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एवढेच.

यासाठी स्वयंभरण रायफल चालते कशी, हे थोडे समजून घ्यावे लागते. चाप ओढला की काडतुसाच्या बुडावर पिन आदळते, आतली दारू पेटते आणि गोळी नळीतून पुढे सुटते. नळीला पुढच्या भागात एक बारीक भोक ठेवलेले असते. गोळी ते ओलांडून गेली की मागचा तप्त वायू थोडासा त्या भोकातून वर शिरतो आणि एका दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टला, म्हणजे नळीचे बूड बंद करणाऱ्या तुकड्याला, मागे नेतो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते, आणि मागची स्प्रिंग हे सगळे पुन्हा पुढे आणताना मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलून नळीच्या बुडाशी बसवते. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होते. नेमबाजाला पुन्हा चाप ओढण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

यातली खरी मेख दाबात आहे. एसएलआरच्या किंवा इन्सासच्या काडतुसात दारू पेटते तेव्हा नळीच्या बुडाशी दाब वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पट चढतो. तो उतरेपर्यंत बोल्ट जागचा हलता कामा नये. प्रेशर कुकरचे झाकण वाफ जिरायच्या आत उघडले तर काय होते ते घरोघरी ठाऊक आहे. इथे दाब कुकरच्या हजारो पट आणि झाकणापासून तोंड वीतभर अंतरावर. म्हणून नळी, नळीचे बूड आणि बोल्टची कडी या तीन ठिकाणी हलके पोलाद चालत नाही. चौथी जागा लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मॅगझिनचे ओठ. काडतूस नेमक्या कोनात धरून ठेवणाऱ्या त्या दोन कडा. तिथे दाब नसतो, पण त्या केसभर वाकल्या की पुढचे काडतूस तिरके चढते आणि रायफल अडकते. बाकीचे सगळे, म्हणजे सांगाड्याच्या बाजू, दस्ता, पुढची मूठ, चापाची कडी, यांच्यावर ताण त्या मानाने फारच कमी येतो. काटकसर करायची ती तिथे.

भरमारीत हा प्रश्नच येत नाही, कारण तिच्यात हलणारे भागच जवळजवळ नाहीत. तोंडातून भरायची गुळगुळीत नळी, काळी दारू आणि एक घोडा. काळ्या दारूचा दाब आजच्या धूरविरहित दारूच्या मानाने फार कमी. म्हणून ती खेड्यातल्या भट्टीवरही घडू शकली, आणि तरीही फुटून माणसे जायबंदी झाली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी तोंडातून भरायच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि जंगलकडेच्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून धान वाचवायचे असेल तर कायद्याने त्याच्यासाठी उघडे ठेवलेले मुख्य दार तेच. स्वयंभरण रायफल सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही. आपल्याकडे ती लष्कराची, निमलष्करी दलांची आणि पोलिसांची.

पोलिसांच्या हाती ती फार उशिरा आली. त्याआधी कित्येक दशके होती ती थ्री-नॉट-थ्री, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनणारी ली-एन्फील्ड. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारी. २००८ च्या २६ नोव्हेंबरला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर रेल्वे पोलिसांच्या हातात हीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला औपचारिक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. ती स्वयंभरण नसली तरी लाकडाचा धडा तिच्याकडूनच शिकावा लागतो, कारण तिचे लाकूड नळीच्या जवळजवळ टोकापर्यंत जाते.

रायफलीच्या दस्त्यासाठी जगभर अक्रोडाला पहिली पसंती मिळाली, आणि आपल्याकडे काश्मिरी अक्रोड यासाठी प्रसिद्ध होता. अक्रोड धक्का सोसतो, वाळल्यावर फारसा पिळवटत नाही, कोरायला सोपा आणि वजनालाही माफक. आलापल्लीच्या सागाचा एवढा लौकिक असताना सागाचा दस्ता का नाही, असे आपल्या भागातल्या कोणालाही वाटेल. साग पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही हे खरे. पण तो ठिसूळपणाकडे झुकतो. वारंवार धक्का बसला की सरळ रेषेत चिरतो, आणि त्याच्यातल्या वाळूसारख्या कणांनी हत्यारांची धार लवकर जाते. दारे-खिडक्या सागाच्या करणारा गावकरीसुद्धा कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा घालतो, त्यामागचे कारण हेच.

अक्रोड असो की दुसरे कोणते, लाकूड पावसात फुगते. लांब दस्ता फुगला की नळीला एका बाजूने रेटतो, आणि उन्हाळ्यात अचूक बसवलेला नेम श्रावणात हलतो. शंभर मीटरवर हा फरक बोटांनी मोजण्याइतका असतो, तीनशेवर माणूस वाचण्या-न वाचण्याइतका. इशापूरच्या कारागिरांना हे आपल्या हवामानामुळे लवकर कळले असावे. त्यांनी पुढच्या लाकडात आडवा एक स्क्रू घातला, लाकूड फाटू नये म्हणून. जगभरचे जुन्या बंदुकांचे संग्राहक आजही त्या एका स्क्रूवरून रायफल इशापूरची आहे हे ओळखतात. मला तो स्क्रू फार मोलाचा वाटतो. विलायती नकाशात तो नव्हता. इथला पाऊस आणि इथले ऊन पाहून इथल्या हातांनी तो बसवला.

१९६२ च्या चीन युद्धानंतर भारताने स्वयंभरण रायफल घाईने आणि मोठ्या प्रमाणात हाती घेतली. मूळ आखणी बेल्जियमच्या एफएन कारखान्यातल्या द्येदॉने सेव्ह या अभियंत्याची. नव्वदहून अधिक देशांनी ती वापरली. इशापूरने तिचे भारतीय रूप बनवले, तीच आपली एसएलआर. १९७१ च्या युद्धात भारतीय जवानाच्या हातात हीच होती. तिचा सांगाडा पोलादाच्या घडीव ठोकळ्यातून कोरून काढलेला. ठोकळ्यातले बरेचसे पोलाद भुसा होऊन जमिनीवर पडते आणि उरते ती रायफल, त्यामुळे यंत्राचा वेळ आणि धातू दोन्ही भरपूर जातात. तिच्यात काटकसर जवळजवळ नाहीच. उलट एक उदारपणा आहे. वायू किती घ्यायचा हे शिपायाला एका कड्याने कमी-जास्त करता येते. रायफल स्वच्छ असेल तर कमी वायू, धक्काही कमी. चिखलाने, काजळीने जड चालायला लागली तर कडे फिरवून वायू वाढवायचा आणि काम पुढे न्यायचे. ब्रिटिशांनी वाळवंटातल्या चाचण्यांनंतर बोल्टवाहकावर तिरक्या खाचा पाडल्या, म्हणजे आत शिरलेली वाळू त्या खाचांत जाऊन बसावी आणि चाल थांबू नये.

तिची किंमत मोजावी लागते ती वजनात. रिकामी एसएलआर साडेचार किलोच्या आसपास. तिच्या एका काडतुसाचे वजन साधारण २४ ग्रॅम, म्हणजे शंभर गोळ्या सुमारे अडीच किलो. इन्सासचे काडतूस बारा ग्रॅमचे, निम्मे. दोन दिवसांच्या गस्तीवर पाणी, शिधा, प्लॅस्टिकचा कागद, वायरलेस हे सगळे पाठीवर घेऊन नाले ओलांडणाऱ्या माणसासाठी हा सव्वा किलोचा फरक तात्त्विक नाही. १९९० साली तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातल्याच साठ जवानांचे सी-६० पथक उभे केले, तेव्हा त्यामागे विचार होता तो वेगाने आणि लांबवर चालू शकणाऱ्या, जंगल आणि भाषा जाणणाऱ्या माणसांचा. अशा माणसाच्या पाठीवर प्रत्येक पाव किलोचा हिशेब लागतो.

वजन आणि खर्च दोन्ही कमी करण्याची सर्वांत धाडसी युक्ती रशियनांनी केली, आणि ती पहिल्या फटक्यात जमली नाही हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. कलाश्निकोव्हची रायफल आधी पत्र्याच्या सांगाड्याचीच काढली होती. पण दाबून आकार दिलेले इतके सांगाडे बाद होऊ लागले की काही वर्षे पुन्हा कोरीव पोलादाकडे जावे लागले. पत्र्याला वळवण्याची, जोडण्याची आणि कडक करण्याची विद्या पक्की झाल्यावर १९५९ मध्ये एकेएम आली. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा. वजन किलोभराच्या आसपास उतरले.

एक मिलिमीटर पत्रा हजारो पट दाब कसा सोसतो? तो सोसतच नाही, आणि या आखणीची सगळी अक्कल तिथे आहे. बोल्टची कडी जिथे अडकते तो तुकडा घडीव पोलादाचा, वेगळा बनवून पत्र्यात रिव्हेटने बसवलेला. नळीही त्याच तुकड्यात घट्ट बसते. दाबाचा सगळा भार नळी, तो तुकडा आणि बोल्ट यांच्यातल्या यांच्यात राहतो. पत्र्याचे काम फक्त बोल्टला सरळ वाटेने मागेपुढे जाऊ देण्याचे आणि चापाची यंत्रणा धरून ठेवण्याचे. दस्त्याला अखंड लाकूड नाही, बर्चच्या पातळ थरांचे प्लायवूड, कारण थर एकमेकांना आडवे चिकटवले की लाकूड फुगणे-पिळवटणे कमी होते आणि हलक्या झाडाचे लाकूडही चालते. एवढी काटकसर करणाऱ्यांनी नळीच्या आत मात्र क्रोमियमचा मुलामा दिला. क्रोमियम गंजत नाही, घासत नाही, आणि टरफल त्याला चिकटून बसत नाही. जिथे कोणाचे लक्ष जात नाही तिथे त्यांनी खर्च केला.

उलटे उदाहरण अमेरिकेचे, आणि तेही जंगलातलेच. युजीन स्टोनर याने आखलेली एम-१६ त्या काळी फार पुढची होती. विमानात वापरतात तसल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, प्लॅस्टिकचा दस्ता, वजनाला हलकी. साठच्या दशकाच्या मध्यावर ती व्हिएतनामला गेली आणि अडकू लागली. जवान अडकलेल्या रायफलीशेजारी मेलेले सापडले, आणि १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीने चौकशी केली. लोकांनी बोट दाखवले ते प्लॅस्टिककडे, खेळण्यासारखी दिसते म्हणून. दोष तिथे नव्हता. नळीच्या बुडाला क्रोमियमचा मुलामा दिलेला नव्हता, त्यामुळे दमट हवेत तिथे गंज धरून टरफले चिकटत. काडतुसातली दारू मधेच बदलली होती, आणि तिने काजळी जास्त धरे. आणि या रायफलीला सफाई फारशी लागत नाही अशा समजुतीने सफाईचे सामानही पुरेसे दिले नव्हते. पुढे मुलामा दिला, सामान दिले, शिकवले, आणि तीच रायफल पुढची पन्नास वर्षे चालली. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक तेच राहिले.

प्लॅस्टिकबद्दलचा संशय आपल्याकडेही आहे, म्हणून जिथे स्वस्त स्वयंभरण रायफल दुकानात विकली जाते तिथले एक उदाहरण देतो. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १९५९ मध्ये पॉइंट टू-टू बोअरची नायलॉन ६६ ही रायफल आणली. तिचा दस्ता आणि सांगाड्याचा मोठा भाग ड्युपाँच्या नायलॉनचा. नवशिक्यांसाठी, स्वस्त. ग्राहक विश्वास ठेवणार नाहीत म्हणून टॉम फ्राय नावाच्या नेमबाजाकडून हवेत उडवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर एक लाखाहून जास्त गोळ्या झाडून घेतल्या. त्याचे नेम चुकले सहा. ती रायफल दहा लाखांहून जास्त खपली. १९६४ मध्ये रूगरची १०/२२ आली, ॲल्युमिनियमच्या ओतीव सांगाड्याची, आणि ती आजही विकली जाते. हे जमले याचे कारण टू-टूचे काडतूस. त्याचा दाब मोठ्या काडतुसाच्या निम्म्याहून कमी आणि टरफल एवढेसे. त्यामुळे बोल्टला कडी लागतच नाही. बोल्टचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच टरफल वेळेपूर्वी बाहेर येण्यापासून थांबते. ना दट्ट्या, ना वायूचे भोक. आपल्याकडे एनसीसीत जी टू-टू मुलांच्या हाती पडते ती मात्र हाताने बोल्ट ओढायची असते, आणि शिकणाऱ्यासाठी ते बरेच आहे. प्रत्येक गोळीला थांबावे लागते.

आता इन्सास. तिच्याबद्दल महाराष्ट्रात तरी जरा ममत्वाने बोलायला हवे, कारण ती पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संशोधन संस्थेत आखली गेली. तिच्या काडतुसांचे घरही आपल्याकडेच, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत. ऐंशीच्या दशकात आखणाऱ्यांनी जगातल्या चांगल्या गोष्टी निवडून एकत्र केल्या. लांब दट्ट्याची चाल कलाश्निकोव्हची, वायू कमी-जास्त करण्याचे कडे एसएलआरचे, पत्र्याचा सांगाडा, नळीला आतून क्रोमियमचा मुलामा. दस्त्याच्या बुडाला तेलाची बाटली ठेवायची झाकणाची खोबण चक्क थ्री-नॉट-थ्रीची. हा मेळ वाईट नव्हता. तीन-तीन गोळ्यांची फैर सोडण्याची सोय दिली, गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून. आणि मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची केली, म्हणजे आत किती गोळ्या उरल्या हे नजरेने कळावे. कल्पना म्हणून ही मला आजही सुंदर वाटते. अंधारात, धावपळीत, मोजणी चुकलेल्या माणसाला तिचा केवढा आधार.

१९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत त्या मॅगझिन तडकू लागल्या. रायफली अडकल्याच्याही तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्याने एका लढाईत ४३ जवान गमावल्यावर इन्सासवर बोट ठेवले. भारताकडून उत्तर गेले की वापर नीट झाला नाही. २०१५ मध्ये नक्षलग्रस्त भागातल्या सीआरपीएफच्या जवानांकडच्या इन्सास काढून एके देण्याचे काम सुरू झाले. सगळा दोष आखणीवर ढकलणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. नळी, बोल्ट, वायूची यंत्रणा हे जिवाचे भाग आखणाऱ्यांनी सोडले नव्हते. सुटली ती चौथी जागा, मॅगझिन. प्लॅस्टिकच्या जाती शेकडो. एखादे गोठणबिंदूखाली काचेसारखे तडकते, एखादे मेच्या उन्हात जीपच्या टपावर राहिले की सैल पडते. काचेच्या तंतूंनी मजबूत केलेले नायलॉन दोन्ही सोसते, पण ते पारदर्शक करणे कठीण. आतले दिसावे आणि कडाही टिकाव्यात, या दोन मागण्या त्या काळच्या प्लॅस्टिकमध्ये एकमेकींच्या आड आल्या. ओठ पोलादाचे आणि पोट पारदर्शक, असा मध्यम मार्ग काढता आला असता. जोडीला कारखान्यात एक नग दुसऱ्यासारखा न निघण्याची तक्रार होतीच. पत्र्याच्या रायफलीत ती जास्त भोवते, कारण कोरीव पोलादात चूक झाली तर कानस मारता येते, दाबलेल्या पत्र्यात चूक साच्यातच बसते आणि हजार नगांत उतरते.

उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा इथे २०१९ पासून उभ्या राहिलेल्या भारत-रशिया संयुक्त कारखान्यात आता एके-२०३ बनते. मूळ एकेचेच काडतूस, तोच पत्र्याचा सांगाडा आणि घडीव तुकडा, पण लाकूड पूर्ण गेले. मूठ, पुढची पकड, घडी घालता येणारा दस्ता सगळे प्लॅस्टिकचे, आणि दस्त्याची लांबी हाताच्या मापाने कमी-जास्त होते. या शेवटच्या गोष्टीचे मला विशेष वाटते. आजवरच्या सगळ्या दस्त्यांची लांबी एका सरासरी पुरुषाच्या मापाने ठरली, आणि मुरूमगावच्या केंद्रात नेमणूक झालेली पाच फुटी शिपाई मुलगी तोच दस्ता कसाबसा खांद्याला लावत आली.

पोलिसांकडे हे हत्यार कधी पोचेल, याचा आजवरचा अनुभव आशादायक नाही. लष्कराने थ्री-नॉट-थ्री सोडली ती पोलिसांकडे आली, एसएलआर सोडली ती पोलिसांकडे आली, इन्सासची वाट तीच. धानोऱ्याच्या जंगलासाठी म्हणून कोणतीच रायफल कधी आखली गेली नाही. बर्फासाठी, वाळवंटासाठी, सपाट मैदानावरच्या तीनशे मीटरच्या लढाईसाठी आखलेली हत्यारे इथे येतात, जिथे दाट बांबूत पन्नास मीटरवरचा माणूस दिसत नाही आणि हवेतली ओल चार महिने उतरत नाही. यावर शस्त्रागारातल्या आर्मररने आणि शिपायांनी आपल्या परीने जे केले आहे ते कुठल्या नकाशात नसते. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळायचे, ते लाकडात मुरून सुकते आणि ओल सहज आत जाऊ देत नाही, आणि जवस तर आपल्याच शेतातला. पत्र्याच्या रायफलीत गंज धरतो तो रिव्हेटच्या डोक्याभोवती आणि घड्यांच्या आतल्या बाजूला, बाहेरून पुसलेली रायफल चकचकीत दिसते तेव्हाही. प्लॅस्टिकच्या पकडीला काही होत नाही, पण तिच्याखाली झाकलेल्या नळीवर घामाचे मीठ साठते, म्हणून पकड काढून पुसावे लागते. क्रोमियमच्या नळीतही पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) ओढावा लागतोच, कारण मुलामा नळीला असतो, दट्ट्याच्या नळीला आणि बोल्टच्या खाचांना तो असतोच असे नाही. तेल पावसाळ्यात जरा सढळ, उन्हाळ्यात अगदी कमी, नाहीतर रस्त्याची धूळ त्यात कालवली जाते.

आणि मॅगझिन ही रायफलीच्या आयुष्यभर पुरणारी वस्तू नव्हे, हे खरेदी करणाऱ्यांनी मान्य करायला हवे. ती झिजते, तिची स्प्रिंग थकते, ओठ पसरतात. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालायचा, सरावात जिच्यामुळे दोनदा अडकले तिला खूण करायची, आणि तिसऱ्यांदा अडकली की गस्तीच्या पट्ट्यातून काढून सरावापुरती ठेवायची किंवा मोडीत टाकायची. एका नव्या मॅगझिनचा खर्च अख्ख्या रायफलीच्या खर्चाचा अगदी लहान हिस्सा असतो. तरीही कागदावर एका रायफलीमागे ठरलेल्या मॅगझिनांची संख्या वर्षानुवर्षे तीच राहते, आणि वाकलेली मॅगझिन पक्कडीने सरळ करून पुन्हा पट्ट्यात जाते.